हुकूमशहा आणि न्हावी

गुरुवारच्या सुट्टीला आम्ही काही कार्यकर्त्यांनी पिंपरीतल्या आमच्या वस्तीत चार्ली चॅप्लिनचा 'द ग्रेट डिक्टेटर' हा चित्रपट दाखविला. चाकणला पाळी करणारी तरुण मंडळी, आयाबाया, पोरेबाळे सगळी जमली. इंग्रजी कळेल का, ही धास्ती होती. पण हुकूमशहा हिंकेलचे पहिले भाषण तर कोणत्याच भाषेत नाही! ती जर्मनसारखी वाटणारी निव्वळ बडबड. पोरे पोट धरून हसली.

चॅप्लिन आणि हिटलर दोघेही १८८९ च्या एप्रिलमधले, चार दिवसांच्या अंतराने जन्मलेले. चित्रीकरण सप्टेंबर १९३९ मध्ये, महायुद्ध पेटले त्याच महिन्यात सुरू झाले. हिटलरला दुखवायचे नाही म्हणून इंग्रज सरकार आधी या चित्रपटावर बंदी घालण्याच्या विचारात होते. ऑक्टोबर १९४० मध्ये तो न्यूयॉर्कला झळकला, तेव्हा लंडनवर बॉम्ब पडत होते आणि तेच इंग्रज त्याचे स्वागत करू लागले. चॅप्लिनच्या चित्रपटांत सर्वाधिक कमाई याचीच झाली. ऑस्करसाठी पाच नामांकने मिळाली, पारितोषिक एकही नाही. शेवटचे लांबलचक भाषण अनेक समीक्षकांना खटकले. फ्रँकोच्या स्पेनमध्ये तर तो हुकूमशहा मरेपर्यंत हा चित्रपट दाखविला गेला नाही.

खेळ संपल्यावर एका तरुणाने विचारले, "दादा, लाखो माणसं मारणाऱ्यावर हसायचं कसं?" प्रश्न खरा आहे. १९६४ च्या आत्मचरित्रात खुद्द चॅप्लिननेच लिहिले आहे की, छळछावण्यांतील भीषण प्रकार तेव्हा ठाऊक असते तर आपण हा चित्रपट काढूच शकलो नसतो.

पण आमच्या मनात एक दृश्य घर करून राहिले. पहिल्या महायुद्धात स्मृती गेलेला ज्यू न्हावी वर्षानुवर्षे इस्पितळात काढून आपल्या दुकानी परततो. शिपाई त्याच्या काचेवर 'ज्यू' असे रंगवितात. त्याला नवे राज्य ठाऊक नाही, त्यामुळे घाबरायचे असते हेही ठाऊक नाही! तो सरळ फडके घेऊन पुसू लागतो. शिपाई अंगावर येतात, तर हॅना नावाची मुलगी वरच्या खिडकीतून त्यांच्या डोक्यात तवा हाणते. आमच्या आयाबाया तेव्हा टाळ्या पिटत होत्या. जन्माचा शिक्का दारावर मारणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

आम्ही त्या तरुणाला एवढेच म्हणालो, "बाबा रे, मेलेल्यांवर कोणी हसत नाही. आपण हसतो ते स्वतःला देव समजणाऱ्यावर." जुलमी माणसाला आपली भीती हवी असते. ती गेली की त्याचे अर्धे बळ गेले. उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र संघटनाच लागते. तिथे नुसते हसून भागत नाही.

घरच्या मंडळींसह हा चित्रपट अवश्य पाहा. आणि पाहून झाल्यावर पोरांना विचारा, काच पुसणारा तो न्हावी वेडा होता की शहाणा?