खेळ एकट्याचा की अनेकांचा?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता मिळतात. चारी बाजूंनी वाहने येतात. त्यांचे नियमन केले नाही, तर क्षणात कोंडी होते.

इंटरनेटवरून अनेकांनी मिळून खेळायच्या व्हिडिओ गेमचेही असेच असते. एक खेळाडू नाशिकला, दुसरा मालेगावला, तर तिसरा दुबईला असतो. प्रत्येकाची हालचाल एका मध्यवर्ती संगणकाकडे जाते. त्याला सर्व्हर म्हणतात. कोण कोठे आहे, कोण जिंकले, हे तो सर्वांना कळवतो.

हे काम सोपे नाही. सर्व्हर सिंगापूरला असेल, तर मुंबईहून संदेश जाऊन परत येण्यास सेकंदाचा निदान पंचविसावा भाग लागतो. बुद्धिबळात एवढा उशीर जाणवत नाही. पण मोटारींच्या शर्यतीत तेवढ्यात हार-जीत ठरते! शिवाय सर्व्हर रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. लबाडी करणाऱ्यांना रोखावे लागते. या सर्वांचा खर्च दरमहा होतो.

मग खेळ तयार करणाऱ्यांनी काय करावे? पुण्यातील दोन कंपन्यांची उदाहरणे पाहू. 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने 2020 साली 'राजी' हा खेळ आणला. पळवून नेलेल्या भावाला शोधणाऱ्या धाडसी मुलीची ती गोष्ट आहे. गोष्टीत रमण्यासाठी सोबती लागत नाही. म्हणून एकट्याने खेळायचा हा खेळ पुरेसा रंगतो. 'सुपरगेमिंग'ने 2024 साली 'इंडस' आणला. त्यात अनेक खेळाडू एकाच मैदानात उतरतात आणि शेवटपर्यंत टिकणारा जिंकतो. येथे इतर खेळाडू नसतील, तर खेळच उरत नाही.

सर्व्हर बंद पडला तर काय होते? 'द क्रू' हा मोटारींचा खेळ 2014 साली आला. 31 मार्च 2024 रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. लोकांनी पैसे देऊन घेतलेला खेळ चालेनासा झाला. त्यातील एकट्याने खेळायचा भागही बंद पडला.

म्हणून पाया घालतानाच दोन प्रश्न विचारावेत. सोबत्यांशिवाय या खेळाची मजा जाते का? सर्व्हरचा खर्च अनेक वर्षे झेपेल का? दोन्हींचे उत्तर 'होय' असेल, तरच तो मार्ग धरावा. नाही तर एकट्याचाच खेळ मन लावून करावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे येथेही खरे आहे.

शब्दार्थ
नियमन - शिस्त लावणे
कोंडी - अडकून पडणे
झेपणे - पेलणे, शक्य होणे

स्वाध्याय
1. सर्व्हर कोणते काम करतो?
2. 'राजी' आणि 'इंडस' या खेळांत कोणता फरक आहे?
3. तुम्हांला खेळ तयार करायचा असेल, तर कोणता मार्ग निवडाल? का?