सिगारांची पेटी घेताय? आधी घरातली हवा बघा

(या भागाचं संपादित शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगतो. एक, हा भाग मोठ्यांसाठी आहे. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो निर्धोक, असं अजिबात नाही; तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका असतोच. जे ओढत नाहीत त्यांनी माझं ऐकून सुरू करू नये. दोन, आज ज्या वस्तूंबद्दल बोलणार आहे त्यातली एकही मला कुणी फुकट दिलेली नाही.

आता प्रश्नाकडे येऊ. ठाण्याहून एका श्रोत्यांनी विचारलंय, ते वाचून दाखवतो: "दादा, माझ्याकडे सध्या ६० सिगार आहेत. महिन्याला साधारण १० येतात, ४ संपतात. आत्ता छोट्या पेटीत कोंबून ठेवलेत. काचेच्या झाकणाचा, १०० सिगारांचा लाकडी ह्युमिडॉर बघून ठेवलाय. घेऊ का?"

थेट उत्तर: नका घेऊ. निदान तो नको, आणि आत्ता नको. का ते सांगतो.

पेटीचं काम काय असतं?

बऱ्याच जणांना वाटतं ह्युमिडॉर म्हणजे आर्द्रता तयार करणारं यंत्र. तसं नाहीये. पेटीचं काम एकच, आतली हवा आत आणि बाहेरची हवा बाहेर ठेवणं. आर्द्रता सांभाळायचं काम आतलं पाकीट किंवा स्पंज करतो. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीला दादरा का बांधायचे? बाहेरची दमट हवा आत जाऊ नये म्हणून. ह्युमिडॉर म्हणजे तेच. बरणी कितीही नक्षीदार असली आणि झाकण नीट बसत नसलं तर लोणच्याला बुरशी येणारच.

सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १६ ते २१ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. आर्द्रता फार कमी झाली की वरचं पान तडकतं, सुगंधी तेलं उडून जातात आणि धूर तिखट लागतो. फार वाढली की सिगार फुगतो, नीट जळत नाही, सारखा विझतो आणि बुरशी धरतो.

आता गंमत बघा. ह्युमिडॉरवरचा बहुतेक सल्ला आपण अमेरिकेतला किंवा युरोपातला वाचतो. तिथे हिवाळ्यात घरात हीटिंग चालू असतं, हवा कोरडी ठणठणीत. त्यामुळे त्यांची सगळी चिंता एकच, सिगार सुकू नये. आमचे न्यू जर्सीचे श्रोते असतील तर त्यांची लढाई तीच आहे. पण मुंबई-ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची आर्द्रता ८० च्या वर असते. तिथे सिगार सुकत नाही, सडतो. पुण्यात पावसाळा दमट, पण एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी की सिगारही सुकतो. नागपूरला मे महिन्यात तापमानच ४५ पर्यंत जातं. मग तिघांना एकच पेटी कशी चालेल?

माझं काय झालं

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझा एक कॉलेजचा मित्र दुबईला होता. दर दिवाळीला येताना २५ चा एक बॉक्स आणायचा. आपल्या २०१६ च्या बॅगेज नियमांत २५ सिगारांचीच मर्यादा होती, त्यामुळे तेवढाच. निम्मे त्याचे, निम्मे माझे. एका वर्षी मे महिन्यात तो अचानक गेला. त्याच्या शेवटच्या खेपेतले ११ सिगार माझ्याकडे राहिले. मी ठरवलं, दर दिवाळीला एक.

मी काय केलं, तर त्यांच्यासाठी मुद्दाम सुंदर लाकडी पेटी आणली. काचेचं झाकण, पितळी बिजागऱ्या. स्पंजमध्ये नळाचं पाणी भरलं आणि पेटी कपाटावर ठेवली. पावसाळा गेला. दिवाळीत उघडली तर सात सिगारांवर हिरवट बुरशी, आणि उरलेल्यांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं. एकही वाचला नाही. पैशांचं सोडा हो, ते परत कुठून आणणार?

चूक पेटीची नव्हती, माझी होती. आज जे सांगतोय ते सगळं त्या अकरांकडून शिकलोय.

भोकं कुणी पाडली?

तंबाखूच्या भुंगेऱ्याने. शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी किडा. आपल्या स्वयंपाकघराला तो नवा नाही. हळद, सुंठ, सुकी मिरची यांना जी कीड लागते, त्यातही हाच असतो. त्याची अंडी पानातच असू शकतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. थंडीत ती गप्प बसतात. तापमान साधारण २४-२५ च्या पुढे सरकलं की फुटायचा धोका वाढतो. म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर.

उपाय सोपा आहे. नवीन आलेला प्रत्येक सिगार आधी हवाबंद झिपच्या पिशवीत घाला. एक दिवस साध्या फ्रिजमध्ये, मग किमान तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना, मग पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, आणि शेवटी एक दिवस बाहेर, पिशवी न उघडता. मधली पायरी गाळू नका, एकदम गरम-थंड झालं की वरचं पान चिरतं. अनेक उत्पादक माल पाठवण्याआधी स्वतःच गोठवतात. पण आपल्या हातात येईपर्यंत तो कुठल्या गोदामात होता, कुणास ठाऊक. आणि हो, हळदीच्या डब्याशेजारी ह्युमिडॉर ठेवू नका!

किती मोठी पेटी?

आता ठाण्याच्या श्रोत्यांचं गणित मांडू. महिन्याला १० येतात, ४ जातात, म्हणजे ६ वाढतात. वर्षाला ७२. आज ६०, तर पुढच्या वर्षी याच दिवशी १३२.

आणि पेटीवर "१०० सिगार" लिहिलेलं असलं तरी त्यात १०० मावत नाहीत. तो आकडा बारीक, आखूड सिगार खेटून रचले तर किती, याचा असतो. हल्ली लोक जाड सिगार घेतात. रोबुस्टो घ्या, पाच इंच लांब आणि ५० रिंग गेज. रिंग गेज म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग, म्हणजे ५० गेज साधारण २० मिलिमीटर जाडी. वर पाकीट ठेवायला जागा हवी, हवा खेळायला जागा हवी. १०० च्या पेटीत असे ६५-७० धरून चाला. म्हणजे तुमची नवीकोरी पेटी दीड-दोन महिन्यांत भरली! मग परत नवीन खर्च.

माझा हिशोब असा: दोन वर्षांनंतर किती असतील ते काढा, आणि त्याला पुरेल अशी जागा आत्ताच करा. तुमच्या बाबतीत ते २०० च्या आसपास जातं. एक रोबुस्टो चौकोनी जागेत धरला तर ५० मिलिलिटर जागा घेतो. २०० चे झाले १० लिटर. ट्रे आणि हवेसाठी दुप्पट करा: २० ते २५ लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आता लाकडाबाहेर बघायचंय.

पर्याय कोणते?

*लाकडी पेटी.* आतून स्पॅनिश सीडर हवं. नाव सीडर, पण हे देवदाराच्या जातीचं नाही. महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे. ते ओलावा धरतं आणि सोडतं, वासही सिगारला साजेसा. म्हणून स्थानिक सुताराकडून देवदाराची पेटी करून घेऊ नका, त्याचा उग्र वास सिगारमध्ये उतरतो. लाकडी पेटी दिसायला छान, पण ती थोडा श्वास घेतेच. कोरड्या हवेत पाकीट लवकर संपतं, आणि मुंबईच्या पावसात बाहेरची दमट हवा आत झिरपत राहते. काचेचं झाकण तर त्याहून नको. काच आणि लाकूड यांच्या सांध्यातून गळती होते आणि उजेडही लागतो.

*हवाबंद डबा.* रबराच्या सीलचा, चार बाजूंनी खटके असलेला प्लास्टिकचा डबा, किंवा पिकनिकला नेतो तो आइसबॉक्स. आत सीडरचे ट्रे किंवा सिगारच्या रिकाम्या पेट्यांच्या फळ्या. आधी डब्याला वास नाही ना ते बघा. असल्यास धुऊन काही दिवस उघडा ठेवा. दिसायला सामान्य, पण किनारपट्टीवर याच्याइतकं भरवशाचं काही नाही. शिवाय आइसबॉक्सच्या जाड भिंतींमुळे दिवसभरातले तापमानाचे चढउतार कमी होतात.

*वाइन कूलर.* थंडही ठेवतो म्हणून मोह होतो. साधा कॉम्प्रेसरचा फ्रिज आतली हवा सुकवतो, म्हणून लोक थर्मोइलेक्ट्रिक घेतात. पण तो खोलीच्या तापमानाच्या काही अंशच खाली जाऊ शकतो. मे महिन्यात बंद खोलीत त्याची दमछाक होते. ज्या खोलीत एसी बऱ्याच वेळ चालतो तिथेच तो घ्यावा.

*मोठं कपाट.* ५०० च्या पुढे संग्रह गेला तर. त्याआधी नाही.

आतलं सामान

पेटीवर खर्च करून लोक इथे कंजुषी करतात. उलटं करा.

पहिलं, डिजिटल हायग्रोमीटर. पेट्यांवर जडवलेली काट्याची घड्याळं बहुतेक शोभेची असतात. डिजिटलही तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाणी घालून ओलसर लगदा करा (विरघळू द्यायचं नाही) आणि तो हायग्रोमीटरसोबत छोट्या हवाबंद डब्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी आकडा ७५ हवा. ७१ दाखवत असेल तर तुमचं यंत्र ४ ने कमी दाखवतं, तेवढं लक्षात ठेवा.

दुसरं, दोन्ही बाजूंनी काम करणारी पाकिटं. ओलावा कमी झाला की देतात, जास्त झाला की शोषतात. साधा स्पंज फक्त देतो, शोषत नाही, म्हणून पावसाळ्यात तो शत्रू. ६० ग्रॅमचं एक पाकीट २५ सिगारांच्या जागेला, असा नियम आहे. जागेला म्हणतोय, सिगारांच्या संख्येला नाही. हवाबंद डब्यात ६५ टक्क्यांचं घ्या. आपल्या उकाड्यात ६२ सुद्धा चालतं, कारण गरम हवेत बुरशी लवकर धरते. पाकीट पापडासारखं कडक झालं की बदला. पावसाळ्यात ते टम्म फुगलं, तर समजा झाकणातून हवा येतेय.

स्पंज वापरायचाच असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नाही.

घेताना दुकानात काय बघाल?

झाकणात दहाची नोट अडकवून ओढा. चारही बाजूंना नोट अडली पाहिजे. मग मोबाइलचा टॉर्च चालू करून आत ठेवा, झाकण लावा आणि अंधाऱ्या कोपऱ्यात बघा. उजेड बाहेर आला तर हवाही येणार. झाकण टाकल्यावर शेवटच्या क्षणी हवेवर तरंगून हळू बसलं तर सील चांगलं.

नवीन लाकडी पेटी आणली की लगेच सिगार भरू नका. कोरडं लाकूड तुमच्या सिगारांचाच ओलावा पिऊन टाकेल. ८४ टक्क्यांची पाकिटं घालून दोन आठवडे बंद ठेवा. ओल्या फडक्याने आतून पुसायचा शॉर्टकट नको, लाकूड फुगून वाकतं.

मग ठाण्याच्या दादांनी काय करावं?

२५ लिटरचा हवाबंद डबा किंवा आइसबॉक्स, सीडरचे ट्रे, ६५ ची आठ पाकिटं, एक तपासलेला डिजिटल हायग्रोमीटर. डबा घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या जागी. बाहेरच्या भिंतीला लागून नको, कपाटावर नको. हा तुमचा साठा, महिन्यातून दोनदाच उघडायचा. आत्ता आहे ती छोटी पेटी रोजच्यासाठी, त्यात १५-२०. बैठकीत दाखवायला तीच बरी. आणि सगळ्यांत आधी, ते ६० सिगार एकेक करून उजेडात बघा. भोक किंवा बारीक भुकटी दिसली तर सगळेच्या सगळे फ्रीझरमध्ये, आजच. पांढरी पूड दिसली आणि कुणी म्हणालं की हा मुरल्याचा फुलोरा आहे, तर विश्वास ठेवू नका. लव असलेली किंवा रंगीत असेल तर ती बुरशीच, वेगळं काढा.

काचेच्या झाकणाची ती पेटी पुढे कधीतरी घ्या, हौस म्हणून. हौसेला मोल नसतं, पण हौसेवर साठा सोपवू नये.

पुढच्या भागात श्रोत्यांचे उरलेले प्रश्न घेऊ. तुमच्या गावची हवा कशी आहे आणि तुम्ही काय जुगाड केलाय, ते नक्की कळवा. भेटू.