मृतजन्माचे कारण शोधताना शवविच्छेदन काय सांगते?

नवी दिल्ली : बेवारस सापडलेले अर्भक शवविच्छेदनासाठी आणले जाते, तेव्हा न्यायवैद्यक तज्ज्ञापुढे मृत्यूच्या कारणाआधी वेगळाच प्रश्न उभा असतो : हे मूल जिवंत जन्मले होते का? मृतदेहाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ९४ नुसार गुन्हाच आहे, मग मूल जन्माआधी दगावलेले असो वा नंतर. खुनाचा आरोप मात्र जन्मावेळी ते जिवंत होते, हे सिद्ध झाल्याशिवाय टिकत नाही.

यासाठी फुप्फुस पाण्यात टाकून पाहण्याची चाचणी शतकानुशतके वापरात आहे. श्वास घेतलेले फुप्फुस तरंगते, न घेतलेले बुडते. परंतु मृतदेह कुजताना वायू तयार झाले किंवा कृत्रिम श्वासोच्छ्वास दिला गेला असेल, तर कधीही श्वास न घेतलेले फुप्फुसही तरंगू शकते. एवढ्याच आधारावर आईला आरोपी ठरवणे धोक्याचे आहे. त्यापेक्षा भरवशाच्या खुणा गर्भाशयातील मृत्यूच्या : गर्भजलात राहिल्याने त्वचा सुटू लागते, पुढे कवटीची हाडे एकमेकांवर चढतात.

रुग्णालयातील मृतजन्मात प्रश्न 'का' हा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये भारतात सुमारे ३ लाख ४० हजार मृतजन्म झाले. अनेकदा अर्भकाच्या शरीरापेक्षा वारच अधिक बोलते. रक्तपुरवठा तुटलेले भाग, संसर्ग, वार अकाली सुटल्याने साचलेले रक्त हे सारे तिच्यात दिसते. तीच टाकून दिली, तर उत्तरही तिच्याबरोबर जाते.

संपूर्ण शवविच्छेदनाला पालक सहसा राजी नसतात, आणि ते समजण्यासारखे आहे. म्हणून सुईने यकृत, फुप्फुस व मेंदूतील ऊतींचे बारीक नमुने घेण्याची पद्धत पुढे आली. कर्नाटकातील दावणगेरे आणि पाकिस्तानातील कराची येथे या पद्धतीने झालेल्या अभ्यासात गर्भाला प्राणवायू कमी पडणे हे मृतजन्माचे प्रमुख कारण आढळले. त्यामागे बहुधा आईचा वाढलेला रक्तदाब किंवा वारेचे विकार असतात. नियमित रक्तदाब तपासणी व वेळेवर प्रसूती यांमुळे असे कित्येक मृत्यू टळू शकतात.

गर्भधारणेच्या २८ आठवड्यांनंतरच्या मृतजन्माची नोंदणी बंधनकारक आहे. त्या अर्जात गर्भमृत्यूच्या कारणासाठी स्वतंत्र रकाना असतो.