पूर ओसरल्यावर किराणा दुकान

इ. स. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीस महापूर येऊन सोलापूर जिल्ह्यातील कित्येक गावे जलमय झाली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील मजूर असोत वा सीनाकाठचे शेतकरी, पुष्कळांचा संसार किराण्याच्या उधारीवर चालतो.

पाणी ओसरताच दुकानदार गाळ उपसू लागतो. परंतु महसूल खात्यातील अनुभवावरून आमचे सांगणे असे की, पंचनाम्यापूर्वी एकही पोते बाहेर टाकू नये. भिजलेले धान्य वाळवून विकणे तर पापच. बुरशीचे विष दळल्याने जात नाही, ते गुरांसही घालू नये. पत्र्याचे न चेपलेले बंद डबे मात्र धुऊन, ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यातून काढून ठेवता येतात. उधारीच्या वहीची पाने सुटी करून सावलीत वाळवावी. वहीच वाहून गेली असेल, तर आपण शेतकऱ्यांनी आपापला आकडा स्वतः जाऊन सांगावा. सुगीपर्यंतचे तेल-मीठ त्याच दुकानातून यावयाचे आहे.