केळीची गाडी

सावदा-रावेर भागात उन्हं कलली की केळीच्या बागांच्या बांधाला ट्रक लागतात. तळाशी आणि बाजूच्या फळ्यांना केळीचीच पानं लावायची आणि हिरवीगार केळी अशी दाबून रचायची, की हजारभर किलोमीटर हादरे बसूनही एकमेकांना घासणार नाहीत. हे काम भरणाऱ्या मजुरांचं. ड्रायव्हर तेवढ्यात केबिनमध्ये आडवा होतो. झोप लागतेच असं नाही. पण पुढचे दोन दिवस त्याच्या पाठीमागे कच्चा माल असणार आणि त्या मालाला पिकायची घाई असणार, हे त्याला ठाऊक असतं.

रात्री गाडी निघते. बऱ्हाणपूर, खंडवा, मोरटक्क्याला नर्मदा, मग भेरूघाट चढून इंदूर. तिथून पुढे जुना आग्रा रोड: देवास, बियावरा, गुणा, शिवपुरी, ग्वाल्हेर. मुरैना सुटलं की चंबळ, मग आग्रा आणि शेवटी दिल्लीची आझादपूर मंडी. पहिल्या दिवशी घरच्या दशम्या आणि ठेचा असतो. दशमी दुधात भिजवलेली, ती प्रवासात टिकते. दुसऱ्या दिवसापासून ढाबा. ढाबा जेवणासाठी निवडतात असं आपल्याला वाटतं. ड्रायव्हर आधी बघतो ती गाडी लावायला जागा, आंघोळीला पाण्याची टाकी आणि रात्री डिझेलवर नजर ठेवणारं कुणीतरी. डाळ कशीही असली तरी चालते.

ट्रकवाला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धावणारी गाडी येते. मला मात्र या धंद्याचा खरा हिशेब थांबण्यात दिसतो. ड्रायव्हरला पगार असला तरी वरची कमाई फेरीवर. गाडी चालली तर भत्ता. गाडी गोदामाच्या फाटकाबाहेर दोन दिवस उभी राहिली, तर त्या दोन दिवसांत तो जेवतो मात्र स्वतःच्या खिशातून.

आणि खिसा वाचवायचा तर डिझेलमध्येच. अनेक मालक फेरीला ठरावीक डिझेल किंवा रोख खर्ची देतात. त्यातून वाचेल ते ड्रायव्हरचं. भरलेली दहा चाकी गाडी लिटरला साधारण चार किलोमीटरचं ॲव्हरेज देते. म्हणजे दिल्लीपर्यंत अडीचशे लिटरच्या वर डिझेल. अशा वेळी उतार आला की हात आपोआप न्यूट्रलकडे जातो. गिअरमध्ये असताना इंजिन चाकांना मागे खेचून धरतं, न्यूट्रलमध्ये ती ओढ नाहीशी होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर पुन्हापुन्हा पाय दाबला की लायनर तापतात, तापले की पकड सोडतात. हवेचे ब्रेक असतील तर सारखं दाबून हवेचा साठाही उतरतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर हे वर्षानुवर्षं घडत आलं आहे. बातमीत ‘ब्रेक निकामी’ असं येतं. ते खोटं नसतं, पण ब्रेक निकामी होण्याआधी वाचवलेल्या दोन लिटर डिझेलची गोष्ट तिथे येत नाही. त्यात २०१८ मध्ये दहा चाकी गाडीचं मालासकट मंजूर वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. उताराला ते कळतं.

झोपेचंही असंच. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असं सगळं नीट लिहिलेलं होतं. फक्त तो कायदा पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. आपल्याकडचा मालक बहुधा एक-दोन गाड्यांचा, कधी स्वतःच ड्रायव्हर. त्याच्या गाडीत कायदा चढलाच नाही. नॅशनल परमिटच्या गाडीला दोन ड्रायव्हर हवेत अशी सक्ती होती, तीही २०१८ मध्ये शिथिल झाली. जोडीदार नसला की किन्नर, म्हणजे क्लीनर, ड्रायव्हरला जागा ठेवतो. पण किन्नरही आता कमी झाले. परवडत नाहीत, आणि गावची पोरं त्या कामाला येत नाहीत.

काही गोष्टी सुधारल्या, हे सांगायला हवं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे कराचे नाके उठले. त्याआधी नाक्यावरच्या रांगेत स्वयंपाक उरकून, आंघोळ करून, पुन्हा रांगेत पुढे सरकायला वेळ मिळत असे. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला वातानुकूलित केबिन बंधनकारक आहे. ज्यांनी मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून शिवपुरीचा रस्ता कापला आहे त्यांना विचारा याची किंमत. रस्त्यावरचं थांबणं कमी झालं. फाटकावरचं मात्र आहे तिथेच आहे. माल उतरवायची वराई, म्हणजे हमाली, कुणी द्यायची, यावर तर आजही तासन् तास जातात.

आझादपूरला केळी उतरली की अर्धंच काम झालेलं असतं. रिकामी गाडी परत आणणं म्हणजे आपल्या पैशाने डिझेल जाळणं. म्हणून मंडीजवळच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात गाडी लावायची आणि परतीच्या भाड्याची वाट बघायची. इथे घाई संपते. ड्रायव्हर चाकांची हवा बघतो, कपडे धुऊन ताडपत्रीच्या दोरीवर वाळत घालतो, छोट्या सिलिंडरवर भात टाकतो, घरी व्हिडिओ कॉल लावतो. मागच्या फळीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वरची धूळ पुसतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये या अक्षरांवर बंदी घातली, तरी ती अजून बहुतेक गाड्यांवर आहेत. भाडं मिळवून देणाऱ्या हुंडेकऱ्याचा फोन आज येईल, नाहीतर परवा.

फोन येतो तेव्हा भाडं घराकडचं, जळगावचं नसतं, भिवंडीचं असतं. मालासोबत ई-वे बिल येतं. त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस, म्हणजे कागदावर वेळ भरपूर. पण गाडीला जीपीएस आहे, आणि गाडी ठरल्या वाटेवरून हलली की मालकाचा फोन वाजतो. पुन्हा ग्वाल्हेर, इंदूर, सेंधवा, बिजासनचा घाट उतरून शिरपूर. धुळ्याला डावीकडे रस्ता फुटतो, पाटीवर जळगाव लिहिलेलं असतं. घर तिथून तीनेक तासांवर. गाडी सरळ नाशिककडे जाते.