निळी पुस्तिका आणि परदेशाचं दार

दोस्तांनो, समजा तुमचे वय तेरा आहे. राहता तुम्ही सोलापुरात, सात रस्त्याच्या आसपास. तुमची मावशी पॅरिसमध्ये नोकरी करते आणि तिने मे महिन्याच्या सुट्टीत तुम्हाला आणि आईला बोलावले आहे. आता आणखी एक समजा. जपानमधल्या ओसाका शहरात तुमच्याच वयाची एक मुलगी आहे. तिच्याकडे मे महिन्याच्या सुरुवातीला सुट्ट्या जोडून येतात, त्या आठवड्याला तिथले लोक 'गोल्डन वीक' म्हणतात. तीही आईवडिलांबरोबर पॅरिसलाच निघाली आहे.

दोघींच्या हातात पासपोर्ट आहे. आणि गंमत म्हणजे दोन्ही पासपोर्ट निळे! आपला तर निळाच असतो. जपानमध्ये मोठ्या माणसांना दहा वर्षांचा लाल पासपोर्ट मिळतो, पण अठरा वर्षांखालच्यांना फक्त पाच वर्षांचा मिळतो आणि तो गडद निळा असतो. आपल्याकडेही तुमच्या वयाच्या मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचाच, जे आधी होईल ते. म्हणजे इथवर दोघी अगदी सारख्या.

यापुढे मात्र दोघींचे रस्ते वेगळे होतात. ओसाकाची मुलगी तिकीट काढते, बॅग भरते आणि विमानात बसते. तुम्हाला त्याआधी दोन-तीन महिने फाईल सांभाळत फिरावे लागते.

तुम्ही म्हणाल, असं का? त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसा यांतला फरक आधी समजून घ्यायला हवा. पुष्कळ मोठी माणसेही या दोन शब्दांची गल्लत करतात. पासपोर्ट, म्हणजे पारपत्र, आपल्याला आपलाच देश देतो. "ही व्यक्ती आमची नागरिक आहे, हिला वाटेत अडवू नका, गरज पडल्यास मदत करा," असे आपला देश त्यात दुसऱ्या देशांना सांगतो. व्हिसा दुसरा देश देतो. "ठीक आहे, आमच्याकडे या, अमुक दिवस राहा," असा तो परवाना. सहलीला जाताना शाळेचे ओळखपत्र गळ्यात असले, तरी किल्ल्याच्या दारावर तिकीट मागतातच ना? तसेच हे.

आता फ्रान्सचे दार पाहू. फ्रान्स एकटा नाही. युरोपातल्या २९ देशांनी आपापसांतली नाकी काढून टाकली आहेत. लक्झेंबर्ग नावाच्या चिमुकल्या देशात मोझेल नदीच्या काठी शेंगेन नावाचे गाव आहे. तिथे १४ जून १९८५ रोजी नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला. त्या गावाच्या नावावरून या सगळ्या प्रदेशाला 'शेंगेन' म्हणतात. एकदा आत शिरलात की पॅरिसहून रोमला जाणे म्हणजे सोलापूरहून विजापूरला गेल्यासारखे. राज्य बदलते, पण सहसा पासपोर्ट कोणी मागत नाही. अर्थात आतली दारे उघडी ठेवायची, तर बाहेरचे दार एकाच नियमाने चालवायला हवे. म्हणून युरोपीय संघाने जगातल्या देशांच्या दोन याद्या केल्या आहेत. एका यादीतल्या देशांच्या नागरिकांना व्हिसा लागतो, दुसरीतल्यांना थोड्या दिवसांच्या भेटीसाठी लागत नाही. जपान दुसऱ्या यादीत आहे. भारत पहिल्या.

जपानी पाहुण्याला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येते. हे गणित नीट पाहा हं! ९० दिवस राहून एक दिवस बाहेर जायचे आणि पुन्हा आत यायचे, अशी चलाखी चालत नाही. अधिकारी मागचे १८० दिवस मोजतो. पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नसावा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने तरी चालणारा असावा. राहणार कुठे, परतीचे तिकीट आहे का, खर्चाला पैसे आहेत का, हे दारावरचा अधिकारी तिलाही विचारू शकतो. व्हिसा लागत नाही याचा अर्थ काहीच लागत नाही, असा नव्हे.

आणि तुम्हाला? छापील अर्ज, फोटो, विमानाचे आरक्षण, आईच्या बँकेतल्या खात्याचा गेल्या काही महिन्यांचा उतारा, किमान ३०,००० युरोंचा आरोग्य विमा. मावशीकडे उतरणार, तर तिने तिथल्या नगरपालिकेत जाऊन 'हे माझ्या घरी राहणार आहेत' असा दाखला काढून पाठवायचा. बाबा बरोबर येणार नसतील, तर त्यांचे संमतीपत्र. शाळेचे बोनाफाईड सर्टिफिकेट. (ते मार्चमध्येच मागून ठेवा, परीक्षेच्या गडबडीत ऑफिसमध्ये भाऊसाहेब भेटतील याची खात्री नाही!) एवढे घेऊन रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठायची आणि ठरलेल्या वेळी अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रात हजर व्हायचे. तिथे दहाही बोटांचे ठसे घेतात. बारा वर्षांखालच्यांचे घेत नाहीत, पण तुम्ही तेरा वर्षांचे ना! फीचेही तसेच. सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५ युरो, त्यापुढे मोठ्यांइतकेच ९० युरो. एस.टी.त लहान मुलांचे अर्धे तिकीट बारा वर्षांपर्यंत मिळते, तसाच हा हिशेब. व्हिसा नाकारला, तरी ही फी परत मिळत नाही.

ओसाकाच्या मुलीने यातले काहीच केलेले नाही. अभ्यासात ती तुमच्यापेक्षा हुशार आहे म्हणून का? नाही. तिचे आईवडील जास्त प्रामाणिक आहेत म्हणून? तसेही नाही. याद्या माणसे पाहून नव्हे, देश पाहून होतात. त्या देशाचे लोक मुदत संपल्यावर परत जातात का, चोरून कामाला राहतात का, त्यांच्या येण्याने व्यापार आणि पर्यटन वाढते का, आणि तो देश आपल्या लोकांना व्हिसाशिवाय येऊ देतो का, हे पाहिले जाते. जपान युरोपीय लोकांना असे येऊ देतो, म्हणून फिट्टंफाट. मला विचाराल तर, दुसऱ्या कुणीतरी मुदत मोडली म्हणून सोलापूरच्या तेरा वर्षांच्या मुलीने जास्त कागद द्यायचे, हे काही फारसे न्यायाचे नाही. पण घराचे दार कोणाला उघडायचे हे घरवाला ठरवतो, तसा हा नियम आहे खरा.

आपल्यालाही काही दारे उघडी आहेत बरं का. नेपाळ आणि भूतानला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. नेपाळला विमानाने निघालेल्या पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना तर मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखलाही चालतो. तुमच्या हेडसरांची सही आंतरराष्ट्रीय विमानतळावर चालते, हे त्यांना सांगून पाहा!

जपानी पासपोर्टची ही ऐट काही पहिल्यापासूनची नाही. सतराव्या शतकात जपानच्या राज्यकर्त्यांनी आपल्याच लोकांना देशाबाहेर जायला बंदी केली होती आणि ती मोडली तर देहदंड होता. ती उठली १८६६ मध्ये. त्या वर्षी पहिला पासपोर्ट मिळाला तो कुणा सरदाराला नाही, तर सुमिदागावा नामिगोरो नावाच्या एका जादूगाराला. तो खेळ करायला परदेशी निघाला होता. फोटो लावायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून उंची, डोळे, नाक यांचे वर्णन लिहून दिले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतरही जपानी माणसाला निव्वळ सहलीसाठी परदेशी जायची मोकळीक १ एप्रिल १९६४ पासूनच मिळाली. तीही वर्षातून एकदा, आणि ५०० डॉलरपर्यंतच पैसे नेऊन.

आपल्याकडे नेमके उलटे झाले. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या. तेव्हा लोकांच्या बोलण्याची अडचण होती, पैशांची होती, व्हिसाची मात्र नव्हती. त्या काळी बहुतेक देशांत तो मागतच नसत. पहिले महायुद्ध पेटले आणि हेरांच्या भीतीने सगळ्यांनी दारे लावून घेतली. युद्ध संपले, तरी कड्या काढल्या नाहीत. १९२० मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि पासपोर्ट ३२ पानांचा असावा असे ठरले. त्याच वर्षी हिंदुस्थानातही पासपोर्टचा कायदा आला.

आणि इथे आपल्या सोलापूरचा माणूस गोष्टीत येतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. जपानने चीनवर स्वारी केली होती आणि चीनने हिंदुस्थानी काँग्रेसकडे डॉक्टर मागितले होते. १९३८ मध्ये पाच जणांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे कोटणीस आणि कलकत्त्याचे दोघे. त्या दोघांपैकी एक होते डॉ. रणेन सेन. त्यांची तयारी झाली, पण इंग्रज सरकारने त्यांना पासपोर्टच दिला नाही, कारण ते कम्युनिस्ट चळवळीत होते. त्यांच्या जागी डॉ. विजयकुमार बसू गेले. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोट मुंबईहून सुटली, तेव्हा सेन तिच्यावर नव्हते.

जरा विचार करा. जखमी सैनिकांवर इलाज करायला निघालेला डॉक्टर. बोलावणारा देश "या" म्हणतो आहे. अडवतो कोण? तर त्याच्याच देशावर राज्य करणारे सरकार! कोटणीस गेले, तिथेच राहिले, तिथेच त्यांनी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते चीनमध्येच वारले. सोलापुरातल्या त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे. पाहिले नसेल तर जरूर पाहा.

स्वातंत्र्य मिळाल्यावरही पासपोर्ट देणे न देणे बरीच वर्षे सरकारच्या मर्जीवरच होते. एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्यावाचून ते अडवता येणार नाही. लगोलग २४ जून १९६७ रोजी पासपोर्टचा कायदा झाला. आता अर्ज नाकारायचा, तर अधिकाऱ्याला कारण लिहून ठेवावे लागते आणि देशाच्या सुरक्षेसारख्या काही बाबी सोडल्या, तर मागितल्यावर त्याची प्रतही द्यावी लागते. शेंगेनचा व्हिसा नाकारला, तर त्याचेही कारण लेखी मिळते आणि त्यावर दाद मागता येते. रणेन सेनना यातले काहीही नव्हते.

अलीकडे एका बाबतीत मात्र तुम्ही आणि ती ओसाकाची मुलगी सारख्याच झाला आहात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या दारावर पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी संगणकात नोंद करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या चेहऱ्याचा फोटो घेतात. तिचे तर बोटांचे ठसेही तिथेच घेतात, तुमचे व्हिसाच्या वेळीच घेऊन झालेले असतात. ज्यांना पासपोर्टवर शिक्के जमवायची हौस आहे, त्यांची मात्र पंचाईत झाली!

जाता जाता आईबाबांसाठी थोडे. पासपोर्टसाठी आता सोलापुरातच केंद्र आहे, अर्ज आधी संगणकावर भरून वेळ घ्यावी लागते. मुलांच्या अर्जाला आई आणि वडील दोघांची सही असलेले पत्रक लागते, फी १,००० रुपये. शेंगेनच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत कधीही करता येतो. उत्तराला साधारण १५ दिवस लागतात, पण सुट्टीच्या गर्दीत त्यावर विसंबू नका. अर्जाच्या आधी सगळे कागद टेबलावर मांडून नावांचे स्पेलिंग ताडून घ्या. एका कागदावर वडिलांचे नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर, असे आपल्याकडे सर्रास असते. गावाचे नावही पाहा. जुन्या इंग्रजी कागदांवर आपले सोलापूर 'शोलापूर' असते. आजोबांच्या दाखल्यावर कोणते आहे?