सहीची प्रत

इ. स. १७७३ मध्यें लंडन येथें एक कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. त्याची कवयित्री फिलिस व्हीटली ही अमेरिकेंतील बोस्टन शहरीं दासी होती. सातआठ वर्षांची असतांना, १७६१ सालीं, गुलामांच्या जहाजानें तिला आफ्रिकेंतून आणलें. आडनांव मालकाचें, आणि फिलिस हें नांवहि त्या जहाजाचेंच. अशा मुलीस काव्य सुचेल हें पटावें कोणास? म्हणून गव्हर्नरासह बोस्टनच्या १८ गृहस्थांचा दाखला ग्रंथारंभीं छापावा लागला.

त्याच वर्षीं तिची दास्यांतून मुक्तता झाली. १८ ऑक्टोबर रोजीं तिनें न्यू हेवनच्या डेव्हिड वूस्टर यांस पत्र लिहिलें. विक्रीचा अर्धा हिस्सा आतां तिचा होता; तेथील मुद्रकांनीं पुस्तक परस्पर छापूं नये, आणि छापलेंच तर खरी प्रत आपल्या हातच्या सहीवरून ओळखावी, असें तिनें कळविलें. त्या आवृत्तीच्या उरलेल्या प्रतींपैकीं कित्येकींवर शीर्षकपृष्ठाच्या पाठीमागें ती सही आजहि दिसते. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन लेखकांचे स्वाक्षरीयुक्त ग्रंथ जमविण्याचा व्यासंग हसण्यावारी नेतां येत नाहीं तो यामुळेंच. जिच्या देहावर कालपरवांपर्यंत दुसऱ्याची मालकी होती, तिनें स्वतःच्या शब्दांवर उठविलेली ही मोहोर होय.

नुसती सही आणि भेटलेख यांत मात्र संग्राहक भेद करतात. छापील अर्पणपत्रिका तर निराळीच. महात्मा फुले यांनीं 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेंतील दास्यविमोचनासाठीं झटलेल्या सज्जनांस अर्पण केली, ती सर्वच प्रतींत आहे. भेटलेख एकाच प्रतींत, एकासाठींच, लेखकाच्या हातचा असतो. कवि लँग्स्टन ह्यूज सढळ हातानें, पुष्कळदां हिरव्या शाईनें, सह्या देत. त्यामुळें त्यांची नुसती सही फारशी दुर्मिळ नाहीं. पण तीच प्रत दुसऱ्या एखाद्या लेखकास 'सप्रेम भेट' म्हणून दिलेली असली, तर दोन ओळींत दोघांचा स्नेह सांपडतो आणि मोल वाढतें. जेथें मोल तेथें बनावटहि आलीच. हस्ताक्षर निर्विवाद नमुन्याशीं ताडावें, प्रत कोणाकोणाच्या हातून आली तें विचारावें, आणि संशय फिटला नाहीं तर सही नाहींच असें समजून दाम द्यावा. पूर्वीच्या धन्याचें नांव खोडून प्रत 'स्वच्छ' करणारे महाभाग तर वाळवीपेक्षांहि अधिक नाश करतात.

या व्यासंगांतील थोर नांव आर्थर शॉमबर्ग यांचें. जन्म १८७४, पोर्तो रिको. न्यू यॉर्कच्या एका बँकेंत टपालाच्या कामाची नोकरी संभाळून त्यांनीं ग्रंथ, हस्तलिखितें व चित्रें जमविलीं. कृष्णवर्णीयांना इतिहासच नाहीं, या समजुतीस त्यांना पुराव्यानें उत्तर द्यावयाचें होतें. १९२६ सालीं कार्नेगी कॉर्पोरेशननें दिलेल्या १०,००० डॉलरांत तो संग्रह न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानें हार्लेममधील शाखेसाठीं घेतला. फिलिसच्या कविता व पत्रें १९१५ मध्यें एकत्र निघालीं, त्यांस जोडलेला गौरवलेख शॉमबर्ग यांचाच.

खुद्द फिलिसलाहि एक भेट मिळाली होती. १७७३ मध्यें ती लंडनला गेली असतां ब्रूक वॉटसन या व्यापाऱ्यानें मिल्टनचें 'पॅरडाइज लॉस्ट' तिला दिलें. १७८४ सालीं ती दारिद्र्यांत वारली, आणि नवऱ्याच्या कर्जापायीं तें पुस्तक विकलें गेलें. आज तें हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहे. तिनें योजिलेला दुसरा कवितासंग्रह मात्र कधींच छापला गेला नाहीं.